ढोलकीतली कात

वडनेर भोलजीत किसनराव तायड्यांना काहीही विचारा, उत्तर मिळणारच. सोयाबीनवर कोणतं औषध मारायचं, नांदुऱ्याची गाडी किती वाजता, कोणाच्या गुडघ्यात नेमकं काय बिघडलंय, सगळं त्यांच्या जिभेवर तयार. कापसाच्या जिनिंगमध्ये तीस वर्षं मुकादमी केलेल्या माणसाला ताबडतोब उत्तर द्यायची सवय लागते, खरं-खोटं मागाहून पाहता येतं. "मले माईत नाई" हे वाक्य त्यांच्या तोंडून रुख्मिणीबाईंनी त्रेचाळीस वर्षांच्या संसारात एकदाही ऐकलं नव्हतं. आणि एवढ्या वर्षांत अनेकदा तोंडघशी पडूनही या बाईचा नवऱ्याच्या उत्तरांवर विश्वास होता, ही त्यातली खरी नवलाची गोष्ट.

तर अशा किसनरावांना गुरुवारी सकाळी बुद्धविहाराच्या बाजूच्या खोलीत सापाची कात सापडली.

पावसाळ्यातल्या धम्मसाधनेचा वर्षावास चालू होता आणि रविवारी चार वाजता विहारात बायकांचं दहा दिवसांचं उपासिका शिबिर सुरू व्हायचं होतं. पाच गावांच्या सव्वीस बाया येणार, पांढऱ्या साड्या नेसणार, दहा दिवस विहारातच राहणार आणि हॉलमध्ये खाली चटयांवर झोपणार. सव्वीस नावांत पहिलं नाव रुख्मिणीबाईंचं होतं. वावर, घर, लेकराचं शिक्षण, दोन्हीकडची म्हातारी माणसं यांतून दहा दिवस फक्त स्वतःसाठी काढायचं बाईंनी आयुष्यात पहिल्यांदा ठरवलं होतं. दोन पांढऱ्या साड्या घेऊन त्यांची पिशवी आठ दिवस आधीच भरून झाली होती.

किसनरावांचाही जीव त्या शिबिरात अडकला होता, पण वेगळ्या कारणाने. शेवटच्या दिवशी त्यांच्या गायन पार्टीचा कार्यक्रम होता. ढोलकी ते स्वतः वाजवत आणि तिच्यावर चामड्याची पुडीही स्वतःच चढवत. बोकडाचं कातडं आणायचं, मीठ-तुरटीत भिजवायचं, ताणायचं, घासायचं, सगळं घरी. यंदाच्या पुडीवर त्यांनी दोन महिने घालवले होते. पंचक्रोशीतल्या लोकांनी ती ऐकावी एवढी एकच इच्छा उरली होती.

खोलीतलं कपाट सरकवलं तेव्हा भिंतीच्या भेगेतून काहीतरी पांढुरकं लोंबताना दिसलं. किसनरावांनी हलक्या हाताने ओढलं. शेपटीकडचा भाग भेगेत तुटून राहिला, डोक्याकडचा आधीच झडलेला होता, पण मधला चांगला सव्वा हाताचा तुकडा बाहेर आला. उन्हात धरला तर खवला न् खवला चमकला.

"अरे बापरे! पाहा बे पाहा, काय माल सापडला!" किसनराव लहान पोरासारखे ओरडले. झाडू मारणारे, भांडी घासणारे सगळे धावत आले. विहार समितीचे अध्यक्ष वामनराव हेही आले. ते निवृत्त मास्तर होते आणि प्रश्न विचारायची त्यांची सवय काही निवृत्त झाली नव्हती.

"किसनराव, साप कोणता हाये हा?"

आता हा प्रश्न वरवर साधा होता, पण त्याच्या पोटात अख्खं शिबिर होतं. साप विषारी निघाला तर वामनराव शिबिर नांदुऱ्याला हलवणार. नांदुऱ्याला हललं की समारोपाला नांदुऱ्याचीच पार्टी बसणार. म्हणजे पुडी गेली, कार्यक्रम गेला. हा सगळा हिशेब किसनरावांच्या डोक्यात पापणी लवायच्या आत होऊन गेला.

"कवड्या," ते म्हणाले. "घरातला साप. पाली खाते बिचारा. लेकराच्या हातात द्या, काही करत नाई."

"पक्कं?"

"म्हंजे काय! मी काय आज पाहून राह्यलो काय साप?"

वामनरावांचा चेहरा मोकळा झाला. सगळ्यांचेच झाले. माणसाला हवं तेच उत्तर मिळालं की तो फार खोदत बसत नाही. साफसफाई पुन्हा सुरू झाली.

इथवर किसनरावांची नेहमीची चूक होती. यापुढची मात्र खास त्यांचीच.

किसनरावांचे उस्ताद मलकापूरचे. त्यांनी कधीकाळी शिष्याच्या कानात सांगितलं होतं की पुडी चढवताना आत चार बोटं कात ठेवावी, ढोलकीचा आवाज खुलतो. आता किसनराव म्हणजे विहाराच्या माईकवरून लिंबू-मिरची, ताईत, गंडेदोरे यांची सालटी काढणारे. शेजारच्या मंजुळाबाईंनी पैशाच्या डब्यात कात ठेवली म्हणून त्यांना भर चौकात हसलेले. पण ढोलकीची गोष्ट वेगळी, असं त्यांनी स्वतःला समजावलं. हे आवाजाचं शास्त्र आहे. दुपारी घराचं दार लावून घेतलं, कातीच्या एका टोकाचा सगळ्यात स्वच्छ चार बोटांचा तुकडा कातरला, मलमलच्या चिंधीत गुंडाळला, ढोलकीत टाकला आणि वरून नवी पुडी चढवून दोरी आवळली.

मग थाप मारली. असा गोड, मोकळा नाद निघाला की किसनरावांच्या अंगावर काटा आला. तो कातीचा होता की दोन महिन्यांच्या मेहनतीचा, हे विचारायला तिथं दुसरं कोणी नव्हतं, आणि ते स्वतःला असले प्रश्न विचारत नसत.

उरलेल्या तुकड्याचं काय करायचं हेही ठरलं होतं. फळीवर ताणून लावायचा, खाली मोठ्या अक्षरात 'कवड्या, बिनविषारी' लिहायचं आणि शिबिरात भिंतीवर टांगायचा. बायांना माहिती मिळेल आणि ज्याने लावला त्याचं नावही होईल. बोकडाची कातडी कमावलेल्या माणसाला सापाची कात म्हणजे डाव्या हातचा मळ. त्यांनी पातेल्यात मीठ-तुरटीचं पाणी केलं. पोटाकडच्या रुंद पट्ट्या शिडीच्या पायऱ्यांसारख्या सुरेख दिसत होत्या, त्या फळीच्या मधोमध याव्या म्हणून कात पाठीवरून उभी कापली. मग भिजवली आणि बारीक खिळ्यांनी ताणून ठोकली.

"माह्या पापडाच्या फळीले खिळे ठोकून राह्यले?" रुख्मिणीबाई स्वयंपाकघरातून बाहेर आल्या.

"पापड काय, दरसाल होतात. हे पाह्य, कवड्या. दहा दिवस तुह्यासमोरच टांगलेला राहीन."

बाईंनी वाकून पाहिलं. "काही करत नाई ना हा?"

"अवं, काही नाई करत. मी सांगून राह्यलो ना."

"मंग ठीक हाये," बाई म्हणाल्या आणि आत गेल्या.

शुक्रवारी, शनिवारी कडक ऊन पडलं. फळी गच्चीवर होती. रविवारी सकाळी किसनराव आनंदाने वर गेले आणि बोट लावलं तर कात पापडासारखी कडाड मोडली. कडा आत वळल्या होत्या, कापलेल्या रेघेवरचे खवले उडून गेले होते, खिळ्यांभोवती चुरा साचला होता. किसनरावांनी चेहऱ्यावर काही दाखवलं नाही. "ऊन जास्त झालं," असं त्यांनी फळीला सांगितलं आणि ती खाली आणली.

बारा वाजता सून आली. मंजुश्री नांदुऱ्याच्या कॉलेजात जीवशास्त्र शिकवायची आणि तीन दिवस बुलढाण्याला प्रशिक्षणाला गेली होती. किसनरावांचा मुलगा संघर्ष अकोल्याला नोकरीला, त्यामुळे घरात सासरा आणि सून यांचीच जुगलबंदी चालायची. खांद्यावरची पिशवी उतरवायच्या आधी तिला ओट्यावर फळी दिसली.

"अय्या, कात! मामाजी, कुठं सापडली?" तिचे डोळे लकाकले. ती उकिडवी बसली, पिशवीतून भिंग काढलं आणि पाहू लागली. पाहता पाहता तिने फळी आणखी जवळ ओढली.

"मामाजी, हे कवड्या कोणं लिहिलं?"

"मी लिहिलं. काऊन?"

"कशावरून?"

किसनरावांना हा प्रश्न सहसा कोणी विचारत नसे. "कशावरून म्हंजे? दिसून राह्यला ना."

"कवड्या आन् मण्यार दोन्ही अंगानं सारखेच दिसतात. पट्टे तर कातीवर उतरतच नाईत. मंग दिसलं काय?" मंजुश्रीने फळी उजेडाकडे वळवली. "एकच खूण हाये. पाठीच्या मधोमध खवल्यांची एक ओळ असते. मण्यारीच्या त्या ओळीतले खवले मोठे, सहा कोपऱ्यांचे. कवड्याचे बाजूच्या खवल्यांसारखेच बारके. पण तुम्ही नेमकं तिथूनच कापलं मामाजी. ती ओळच राह्यली नाई."

किसनराव फळीकडे पाहत राहिले. शिडीच्या पायऱ्या अजूनही सुरेख दिसत होत्या.

"आन् हे मीठ-तुरटी कायले लावली? बोकडाचं कातडं रक्तामांसाचं असते, ते कमावता येते. ही कात म्हंजे आपल्या नखासारखी. नख कमावते का कोणी?" ती हसली, पण लगेच थांबली. "मामाजी, मण्यार रात्री फिरते. खाली झोपलेल्या माणसाले चावते, आन् झोपेतल्या माणसाले ते कळतही नाई. आई आज कुठं झोपणार हायेत?"

किसनरावांनी फळी उचलून उजेडात धरली आणि तिने फोन काढून फोटो घेतला.

पुढचा तासभर फोन चालले. प्रसेनजित नावाचा ओळखीचा सर्पमित्र मोताळ्याकडे एका विहिरीवर अजगर काढायला गेला होता. त्याने फळीचा फोटो पाहून सांगितलं, "ताई, याच्यावरून मी काहीच नाई सांगू शकत. पाठ असलेला तुकडा मिळते का पाहा. मले याले सहा वाजतीन." मग मंजुश्रीने वामनरावांना फोन लावला.

"अवं बाई, भंतेजी पोचले हायेत. बाया गाड्यांत बसल्या," वामनरावांचा आवाज फोनबाहेर ऐकू येत होता. "शाळेची खोली मागता येते, पण ते छत गळते. तुह्या सासऱ्यानं सगळ्यायसमोर छाती ठोकून सांगतलं कवड्या म्हनून. आता तू म्हणतं माईत नाई. पावसाळ्यात कोणाच्या घरी साप नाई? काही पुरावा असंन तर दाखव, निस्त्या शंकेवर सव्वीस बाया कुठं हलवू मी?"

फोन ठेवला तोच आतून रुख्मिणीबाई आल्या. पांढरी साडी, हातात पिशवी, केस चापूनचोपून बसवलेले. अशा दिसत होत्या की किसनरावांना लग्नाचा दिवस आठवला. लग्नातही बाई एवढ्या आनंदात नव्हत्या. तेव्हा बिचाऱ्या भ्यायल्या होत्या.

"आई, आज थांबा जरा," मंजुश्री म्हणाली. "प्रसेनजित येऊ द्या."

"अवं मंजू, काऊन भेतं? हे म्हणले ना कवड्या, मंग कवड्याच. आन् मी तं जागा बी धरून ठेवली, त्या खोलीच्या दाराले लागून. तिथं हवा येते." त्यांनी नवऱ्याकडे पाहिलं. "येतो मंग. दहा दिवस भाजीत मीठ पाहून टाका."

आणि त्या निघाल्यासुद्धा. फाटक वाजलं.

त्याच वेळी "थांब" म्हणायला हवं होतं. "मी पाहिलं नव्हतं, असंच बोललो" एवढं वाक्य पुरलं असतं. किसनरावांनी तोंडही उघडलं, पण त्रेचाळीस वर्षांत न वापरलेलं ते वाक्य आयत्या वेळी येईना. त्यांना स्वतःची लाज वाटली, अगदी कानशिलं गरम होईपर्यंत. आणि पुरावा? पुरावा तर त्यांच्या घरात होता. कोपऱ्यात, हिरव्या कापडाखाली.

ते उठले. कापड काढून ढोलकी मांडीवर घेतली आणि दोरीची गाठ सोडायला लागले. दमट हवेने गाठ फुगली होती. नखं लावली, दात लावले, हलेना. दोरी सोडायची म्हणजे एक तास. घड्याळात दोन वाजून दहा मिनिटं झाली होती. किसनरावांनी चामडं कापायची रापी उचलली, एकदा पुडीवरून तळहात फिरवला आणि रापी आत घुसवली.

"मामाजी! काय करून राह्यले?" मंजुश्री धावली. दोन महिने रोज सकाळी ही पुडी घासल्याचा आवाज तिने ऐकला होता.

किसनरावांनी पुडी या कडेपासून त्या कडेपर्यंत फाडली, हात आत घातला आणि मलमलची चिंधी काढून सुनेच्या हातात दिली. "त्याच कातीचा तुकडा हाये. पाठीसकट."

"ढोलकीत? हे कोणं घातलं?"

"मी."

मंजुश्री हसली असती तर बरं झालं असतं. ती हसली नाही. तिने चिंधी उघडली आणि आतली सुरनळी पाहून तिचा आवाज एकदम बदलला. "अख्खी हाये! मामाजी, अख्खी हाये! परात आणा. कोमट पाणी. आन् थंडीत हातापायाले लावायची ग्लिसरीनची बाटली असंन पाहा आईची."

मग जी धावपळ उडाली ती काय सांगावी! साठी उलटलेला माणूस परात घेऊन अंगणातून आत, आतून अंगणात. पाणी जास्त तापलं म्हणून त्यात थंड ओतलं, ते फार गार झालं म्हणून पुन्हा तापवलं. ग्लिसरीनचे थेंब टाकले. सुरनळी पाण्यावर सोडली आणि दोघं परातीवर डोकी वाकवून बसले. पाच मिनिटं काहीच झालं नाही. सहाव्या मिनिटाला कडा हलली. हळूहळू कात पाणी पिऊन मऊ झाली आणि आपणहून उलगडायला लागली.

"ओढू नका," मंजुश्री कुजबुजली, जसं काही ऐकून ती कात घाबरणार होती. "साप कात टाकते तवा ती उलटी होते, मोज्यासारखी. म्हणून आतली बाजू वर दिसून राह्यली. हिले पोटाकडून कापा, मंग पालथी करू. माह्यापेक्षा तुमचा हात हलका हाये."

या वेळी किसनरावांनी कुठून कापायचं ते दोनदा विचारून घेतलं. नवं ब्लेड ओलं केलं आणि रुंद पट्ट्यांच्या मधून हलकेच फिरवलं.  कात पाण्यावर पानासारखी पसरली, तशी दोघांनी ती पालथी केली. खाली सरकवायला काच हवी होती. भिंतीवर जिनिंगने केलेल्या सत्काराचा त्यांचा फोटो होता, शाल-श्रीफळासकट. किसनरावांनी तो उतरवून मागचा पुठ्ठा काढला, फोटो बाजूला टाकला आणि काच पुसून कातीखाली घातली. दुधावरची साय उचलावी तसा तुकडा काचेवर अलगद वर आला, एकही सुरकुती न पडता.

दोघंही दारात उजेडाला आले. मंजुश्रीने भिंग सासऱ्याच्या हातात दिलं. "तुम्हीच पाहा."

किसनरावांनी एक डोळा मिटला. दोन्ही बाजूंना बारके तिरपे खवले, तांदळाच्या दाण्याएवढे. आणि मधोमध, तुकड्याच्या या टोकापासून त्या टोकापर्यंत एक ओळ. एकामागे एक मोठे खवले, दागिना घडवल्यासारखे. त्यांनी पहिल्याचे कोपरे मोजले. सहा. दुसऱ्याचे मोजले. सहा. तिसऱ्याचेही सहाच. इतकं देखणं काही आपण आयुष्यात पाहिलं नाही असं त्यांना वाटलं, आणि त्याच वेळी त्या खोलीच्या दाराला लागून धरलेली बायकोची जागा आठवली.

"सहा कोपरे हायेत वं मंजू," ते म्हणाले. "सगळ्यायले सहा."

कातीचा फोटो प्रसेनजितला गेला, पण उत्तर येईना. त्याने सांगितल्याशिवाय वामनराव ऐकणार नव्हते आणि बाया खाली झोपणार त्या रात्रीच, म्हणून दोघं थांबली. मोताळ्याच्या त्या विहिरीत उतरल्यावर प्रसेनजितच्या फोनला रेंज नव्हती. मंजुश्री गच्चीवर जाऊन पुन्हा पाठवत होती, वामनरावांना फोन लावत होती, आणि कार्यक्रम सुरू होणार म्हणून त्यांनी फोन बंद करून ठेवला होता. चार वाजून दहा मिनिटांनी एकदाचा प्रसेनजितचा फोन आला. तो धापा टाकत होता.

"मण्यारच हाये ताई! त्या खोलीत कोणाले जाऊ देऊ नका. चटया, पोते, कशाले हात लावू नका. मी निघालोच!"

"चटया!" किसनराव ओरडले. चटया त्याच खोलीत होत्या.

मंजुश्रीने स्कूटी काढली. मागे किसनराव बसले, दोन्ही हातांत काच, तिच्यावर कात, आणि डोक्यावर टोपी नाही, पायात चप्पल नाही. वाटेत बैल आडवे आले तेव्हा त्यांनी बैलांना जे काही सुनावलं ते वर्षावासात बोलण्यासारखं नव्हतं. पाणंदीचा रस्ता, हातपंप, चौक, चौकात थांबलेल्या मंजुळाबाई, सगळं झर्रकन मागे पडलं. विहारातून वंदना संपल्याचा आवाज येत होता.

दारातून त्यांना दिसलं ते असं. हॉलमध्ये पांढऱ्या साड्यांच्या रांगा. समोर भंतेजी. वामनराव माईकवर सांगत होते, "आता दोघी-तिघी उठा आन् चटया काढून आणा." आणि दाराला लागून बसलेल्या रुख्मिणीबाई सगळ्यांच्या आधी उठून बाजूच्या खोलीच्या कडीला हात घालत होत्या.

"रुख्मिणी!"

अख्खा हॉल वळला. त्रेचाळीस वर्षांत किसनरावांनी बायकोला चारचौघांत नावाने हाक मारली नव्हती. "अवं" आणि "संघर्षची माय" यांवर संसार निभला होता. बाईंचा हात कडीवरच थबकला, सापाच्या भीतीने नव्हे, तर स्वतःचं नाव ऐकून.

"तिकडं जाऊ नको. मांगं सर. मांगं सर पह्यले!"

बाई मागे सरल्या. किसनराव अनवाणी पायांनी बायांच्या रांगांमधून पुढे गेले आणि काच वामनरावांसमोर धरली. "मण्यार हाये. प्रसेनजितनं सांगतलं. मी बी मोजलं."

वामनराव काचेकडे पाहत राहिले, मग त्यांच्याकडे. माईक चालूच होता. "किसनराव, तुम्हीच तं म्हणले होते कवड्या."

"हाव, म्हणलो होतो."

"मंग?"

 समोर सव्वीस बाया, भंतेजी, दारात सून, आणि भिंतीशी पिशवी छातीशी धरून उभी असलेली बायको. "मले माईत नव्हतं," ते म्हणाले. माईकने ते सगळ्या विहारात पोचवलं. "मी पाह्यलंच नव्हतं. शिबिर इथं राह्यलं तर माही ढोलकी होईन, म्हनून बोलून गेलो. चुकलं माह्यं."

 वामनरावांनी काच हातात घेतली. "आन् हा तुकडा कुठून आणला? फळीवरचा तं खराब झाला म्हणे."

"ढोलकीत घातला होता. आवाज खुलते म्हनून."

मागच्या रांगेत कोणीतरी फस्सकन हसलं आणि मग हसू रांगेरांगेने पुढे आलं. गंडेदोऱ्यांवर ज्यांचं भाषण सगळ्यांना पाठ होतं, त्या किसनरावांच्या ढोलकीत ताईत निघाला होता! भंतेजीही ओठ दाबून खाली पाहत होते. किसनरावांनी ते सगळं हसू उभ्याने सोसलं.

शाळेची खोली उघडली. बाया पिशव्या उचलून तिकडे गेल्या. तेवढ्यात पावसाची सर आली आणि छत दोन ठिकाणी गळायला लागलं, तिथं बादल्या लागल्या.

प्रसेनजित दिवस मावळायच्या आत आला. त्याने खोलीचं दार लावून घेतलं आणि आकड्याने एकेक चटई बाजूला केली. वरून तिसऱ्या चटईच्या गुंडाळीत ती होती. काळी कुळकुळीत, अंगावर बारीक पांढरे पट्टे, दिवसभराच्या झोपेने सुस्तावलेली. बरणीत घातल्यावर तिने एकदा अंग हलवलं आणि नव्या कातीवर उजेड चमकला. खिडकीबाहेर जमलेल्या माणसांच्या तोंडून एकच आवाज निघाला. प्रसेनजितने वनखात्याला फोन करून ती नेली, जाताना काचेवरचा तुकडाही मागून घेतला. "हे घरात ठेवाचं नसते बाबा," तो म्हणाला. "पण पसरवली एक नंबर!" एरवी या शाबासकीवर किसनराव आठ दिवस जगले असते.

प्रसेनजित विसरून गेलेला आकडा उचलून ते शाळेकडे गेले. बाया खोलीत जागा लावत होत्या. रुख्मिणीबाई दाराबाहेर व्हरांड्यात उभ्या होत्या, पिशवी अजून हातातच.

"तिसरी चटई," किसनराव म्हणाले. 

"मंजूनं सांगतलं," बाई म्हणाल्या. त्या रागावल्या नव्हत्या, हेच किसनरावांना जड गेलं. "मी तं वरच्या तीन माह्यासाठी काढून ठेवणार होतो. कंबर दुखते म्हनून." थोडं थांबून त्यांनी विचारलं, "पुडी फाडली म्हणे तुम्ही."

"हाव."

"आता कार्यक्रम?"

"पाहू."

आत कोणीतरी बादली सरकवली. बाईंनी शाळेच्या जुन्या भिंतींकडे, कोपऱ्यात रचलेल्या मोडक्या बाकांकडे नजर टाकली.

"इथं काही साप-इच्चू नाई ना?"

उत्तर जिभेवर तयार होतं. नेहमीसारखं, गोळीबंद. किसनरावांनी ते गिळलं.

"मले माईत नाई," ते म्हणाले. "पाहून येतो."

आकडा घेऊन ते बाकांच्या ढिगाकडे गेले. पहिलं बाक उचललं, खाली वाकून पाहिलं, मग दुसरं. एकूण एकवीस बाकं होती. ती सगळी पाहून होईपर्यंत रुख्मिणीबाई पिशवी खाली न ठेवता व्हरांड्यातच उभ्या राहिल्या.